समुद्रातल्या पवनचक्क्यांचं मॉडेलिंग आणि टेस्टिंग: लोक मला विचारतात ते प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला राहतो आणि समुद्रातल्या पवनचक्क्या कॉम्प्युटरवर हलवून बघायच्या हा माझा धंदा. खऱ्या नाही हं, आकड्यांतल्या. हे सांगितलं की समोरचा, मग तो दिवाडीच्या फेरीबोटीत भेटलेला असो की चवथीला घरी आलेला काका, तेच तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवलंय. कुठे लांबलंय, कुठे दोन ओळींत आटपलंय, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबणारच.

मॉडेलिंग म्हणजे तुम्ही नक्की करता काय?

वारा पात्यांना ढकलतो, लाटा खालच्या खांबाला ढकलतात, पाती आणि टॉवर वाकतात, आणि आतला कंट्रोलर पात्यांचा कोन सारखा बदलत असतो. ह्या चारही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या, एक हलली की बाकी तीन हलतात, त्यामुळे चौघींचं गणित एकदम, सेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यांनी पुढे सरकवत सोडवावं लागतं. वाऱ्याचा भाग बहुतेक वेळा पात्याचे काप करून मोजतात, बारीक खांबावरचं लाटांचं बळ १९५०च्या मॉरिसन समीकरणाने, आणि लाटांची सरमिसळ जॉन्स्वॅप स्पेक्ट्रमने (स्पेक्ट्रम म्हणजे लांब-आखूड कुठल्या लाटेत किती जोर आहे त्याचा आलेख), जो १९७३ साली नॉर्थ सीमधल्या मोजमापांवरून आला. हा नॉर्थ सी शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हे एकदाच चालवून होत नाही. वाऱ्याचा प्रत्येक वेग, लाटांची प्रत्येक उंची, चालू टर्बाईन, बंद टर्बाईन, बिघडलेलं टर्बाईन असं करत हजारो रन होतात. तरंगत्या टर्बाईनचा एकेक रन तासाभराच्या समुद्राचा, तोही वाऱ्याचे झटके बदलून पुन्हा पुन्हा.

एवढं गणित करण्यापेक्षा एक उभारून बघा की?

तेही केलंय लोकांनी. १९९१ साली डेन्मार्कात विंडेबीला जगातलं पहिलं सागरी विंड फार्म उभं राहिलं, ४५० किलोवॅटची ११ टर्बाईन्स, किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात. २०१७ साली ते काढूनसुद्धा टाकलं. पण आता एकेक टर्बाईन १५ मेगावॅटचं. संशोधनासाठी २०२० साली जे १५ मेगावॅटचं कागदी टर्बाईन सगळ्यांना खुलं केलं त्याच्या रोटरचा, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चक्राचा, व्यास २४० मीटर आहे. असलं धूड बनवून, समुद्रात नेऊन, मग "अरे, चुकलं" म्हणायला कोणाच्या खिशात पैसे आहेत?

मग छोटं मॉडेल करून टाकीत टेस्ट करा, जहाजांचं करतात तसं.

करतात, आणि ह्या प्रश्नावर मी अर्धा तास बोलू शकतो, कारण खरी गंमत इथेच आहे.

समजा ५ मेगावॅटचं टर्बाईन घेतलं, रोटर १२६ मीटर, हब (पाती जिथे जोडतात तो मधला तुंबा) ९० मीटर उंचावर, आणि त्याचं ५०ला १ मापाचं मॉडेल केलं. हब आला १.८ मीटरवर, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याशी. ४ मीटरची लाट झाली ८ सेंटीमीटरची. लाटांचा खेळ गुरुत्वाकर्षणावर चालतो म्हणून वेग आणि वेळ दोन्ही पन्नासच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ७ पटीने लहान होतात, त्यामुळे ३ तासांचं वादळ टाकीत २५ मिनिटांत उरकतं, हा फायदाच झाला. आता वजन. वजन ५० गुणिले ५० गुणिले ५० ह्या हिशेबाने उतरतं. खरं पातं साडेसतरा टनांच्या वर, तर मॉडेलचं पातं सव्वा मीटर लांब आणि १४० ग्रॅमच्या आसपास. हातात धरलं तर भीती वाटते. वारा अख्ख्या रोटरला जास्तीत जास्त ८० टनांच्या आसपास ढकलतो, त्याचं टाकीत होतं ६००-७०० ग्रॅम, एका सोललेल्या नारळाचं वजन म्हणा. आणि ५ मेगावॅट वीज? ती होते सहा वॅटसुद्धा नाही, मोबाईलचा जुना चार्जर तेवढी देतो.

इथवर ठीक. लोचा असा की वारा गुरुत्वाकर्षणाला विचारत नाही. पात्यावरून हवा कशी सरकते हे रेनॉल्ड्स नंबरवर (हवेचा रेटा आणि तिचा चिकटपणा ह्यांचं गुणोत्तर) ठरतं आणि तो ह्या मापाला साडेतीनशे पटीने घसरतो. म्हणजे लाटा बरोबर केल्या की वारा चुकतो, वारा बरोबर करायला गेलं की लाटा चुकतात, दोन्ही एकदम साधणारी टाकी पृथ्वीवर बांधता येत नाही. २०११ साली नेदरलँड्सच्या मारिन संस्थेच्या टाकीत डीपसीविंड नावाच्या प्रोजेक्टची मॉडेल्स तपासली तेव्हा पात्यांचा आकार खऱ्यासारखा हुबेहूब ठेवला होता. पाती हुबेहूब, पण बळ भलतंच कमी. शेवटी वारा वाढवून भागवावं लागलं. २०१३ साली परत टेस्ट केली तेव्हा पात्यांचा आकार मुद्दाम बदलला, दिसायला वेगळी पण बळ बरोबर देणारी. मला ही गोष्ट फार आवडते. हुबेहूब नक्कल खोटी ठरली आणि वेगळं दिसणारं खरं निघालं.

आता तिसरा रस्ता पण आहे, अर्धं खरं अर्धं आकड्यांतलं. लाटा आणि प्लॅटफॉर्म खरे, टाकीत, आणि वाऱ्याचं बळ कॉम्प्युटर त्याच क्षणी मोजून छोट्या पंख्यांनी नाहीतर दोऱ्या ओढून मॉडेलवर लावतो.

ता.क. एका टाकीत (नाव नको) आमचे दोन दिवस असेच गेले. मॉडेलचा हेलकावा काही केल्या गणिताशी जुळेना. शेवटी कळलं की सेन्सरच्या वायरींची जुडी वरून लोंबत होती आणि तीच स्प्रिंगसारखी मॉडेलला ओढत होती. ६०० ग्रॅमच्या खेळात एक वायर पण भागीदार असते.

तरंगती पवनचक्की उलटत कशी नाही?

कुंभारजुव्याचा सांगोड बघितलाय? दोन होड्या बाजूबाजूला बांधून त्यावर गणपती ठेवतात. एकट्या होडीत उभे राहिलात तर डुगडुगते, दोन होड्या अंतर ठेवून बांधल्या की वरती माणसं नाचली तरी चालतं. सेमी-सबमर्सिबल प्लॅटफॉर्म म्हणजे तीच आयडिया, तीन-चार जाड खांब लांब लांब ठेवून जोडलेले. पोर्तुगालचं विंडफ्लोट अटलांटिक असंच आहे, ३ टर्बाईन्स, २०२० पासून चालू.

दुसरी पद्धत, बाटलीच्या तळाला रेती भरून पाण्यात सोडा, उभीच तरंगते. स्कॉटलंडचं हायविंड २०१७ साली सुरू झालं, ६ मेगावॅटची ५ टर्बाईन्स, ती अशा लांबलचक बाटल्यांवरच उभी आहेत. तिसऱ्या प्रकारात तळापासून ताणलेल्या दोऱ्यांनी प्लॅटफॉर्म खाली ओढून धरतात. पहिल्या दोन प्रकारांत वाहून जाऊ नये म्हणून नांगर आणि साखळ्या असतातच, आणि साखळी ताठ नसते, तिचं वजनच स्प्रिंगचं काम करतं.

कंट्रोलरचा समुद्राशी काय संबंध?

हा प्रश्न मला एकाच माणसाने विचारला, तो मुरगावला क्रेन चालवायचा. पण प्रश्न एक नंबर.

वारा ठरावीक वेगाच्या वर गेला, ५ मेगावॅटच्या त्या टर्बाईनला हा वेग सेकंदाला ११.४ मीटर, की कंट्रोलर पाती वळवून जादा वारा सोडून देतो. त्यामुळे वारा वाढला की रोटरवरचं ढकलणारं बळ उलट कमी होतं. जमिनीवर ह्याने काही बिघडत नाही. पाण्यावर काय होतं बघा. टॉवर वारा येतो त्या बाजूला पुढे झुकला, पात्यांना वाटलं वारा वाढला, कंट्रोलरने पाती वळवली, मागे ढकलणारं बळ कमी झालं, टॉवर अजून पुढे झुकला. मागे जाताना नेमकं उलटं. म्हणजे झोपाळ्यावर पोर बसलंय आणि तुम्ही ते थांबवायच्या नादात दर खेपेला बरोबर जायच्या दिशेनेच धक्का देताय. वारा हेलकावे शमवायचा सोडून वाढवायला लागतो.

उपाय म्हणजे कंट्रोलर मुद्दाम आळशी करायचा, प्लॅटफॉर्मच्या हेलकाव्यापेक्षा संथ. मग वीज थोडी वर-खाली होते, ते चालवून घ्यायचं. हे आधी गणितात दिसलं म्हणून बरं.

तुमची मॉडेल्स चुकतात का?

चुकतात, आणि चूक कुठे आहे हे शोधणं हेच मुळी संशोधन. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली ओसी३, ओसी४, ओसी५, ओसी६ अशी कामांची रांग आहे. सुरुवातीला जगभरच्या टीम्सनी एकच टर्बाईन आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. पण दहा जणांचं उत्तर जुळलं म्हणून ते बरोबर असं थोडंच आहे, सगळ्यांनी एकाच पुस्तकातून कॉपी केली असेल तर? म्हणून ओसी५मध्ये उत्तरं टाकीतल्या मोजमापाशी ताडून बघितली. तरंगत्या सेमी-सबमर्सिबलला जवळजवळ सगळ्यांचीच सॉफ्टवेअर्स बळ कमी दाखवत होती, साधारण २० टक्क्यांनी. आणि चूक सगळीकडे एकाच बाजूला, हे जास्त वाईट.

दोष बराचसा संथ हालचालींत सापडला. समोरून येणारी लाट ८-१० सेकंदांची, पण असा प्लॅटफॉर्म साखळ्यांवर पुढे-मागे सरकायला १०० सेकंदांहून जास्त घेतो. वेगवेगळ्या लाटा एकमेकींत मिसळून जो संथ रेटा तयार होतो तो मॉडेलमध्ये कमी पडत होता. मग ओसी६मध्ये टाकीत प्लॅटफॉर्म हलूच न देता घट्ट धरून नुसतं लाटांचं बळ मोजलं. एकेक गोष्ट सुटी करून. आमचा गॅरेजवाला पण असंच करतो, आवाज येतोय म्हटलं की एकेक पार्ट काढत जातो.

आणि टेस्टसुद्धा फसवते. २००९-१०च्या सुमारास युरोपात बऱ्याच टर्बाईन्सचा वरचा तुकडा खालच्या खांबावरून थोडा थोडा घसरायला लागला. दोन नळकांड्यांच्या मध्ये सिमेंटसारखं ग्राऊट भरून तो जोड केलेला होता. नियम बनले होते लहान मापाच्या तुकड्यांवरच्या टेस्टमधून, प्रत्यक्षात खांब अनेक मीटर व्यासाचे, आणि त्या मापाला ग्राऊटची पकड तेवढी भरली नाही. नंतर जोड शंकूच्या आकाराचे करायला लागले. जोड सरळ नळकांड्याचा ठेवायचा हे कोणीतरी आकडे बघूनच ठरवलं होतं, हे मला राहून राहून आठवतं.

समुद्राच्या तळाचं काय टेस्ट करायचं, तळ तो तळ.

कांदोळीची रिव्हर प्रिन्सेस आठवते? २०००च्या जूनमध्ये जहाज येऊन किनाऱ्याला लागलं, रेतीत रुतत गेलं आणि काढायला २०१२ उजाडलं. तळ काय करू शकतो हे गोंयकाराला वेगळं सांगायला नको. मिरामारला लाटेत उभे राहा, पायाखालची रेती सरकते की नाही? तसंच खांबाभोवती पाणी गिरकी घेतं आणि खड्डा पडतो, खांबाच्या व्यासाच्या सव्वा पटीहून खोल जाऊ शकतो, म्हणून आजूबाजूला दगड टाकतात.

जमिनीच्या पकडीचं जुनं गणित तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या बारीक लांब खांबांवरून आलेलं. पवनचक्कीचा मोनोपाईल म्हणजे ८-१० मीटर व्यासाचा आखूड जाड ठोकळा, तो वाकत नाही, अख्खा कलतो. त्यासाठी पिसा नावाचं काम झालं, ऑक्सफर्ड, इंपीरियल आणि डब्लिनच्या लोकांनी इंग्लंडमधल्या काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्समधल्या डंकर्कच्या रेतीत खरे खांब ठोकून ते आडवे ओढून बघितले. जुनं गणित अशा खांबांची पकड कमीच धरत होतं, म्हणजे लोखंड उगाच जास्त जात होतं. छोट्या मापात माती तपासायची तर सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवावी लागते, नाहीतर मूठभर मातीला वरच्या थराचं ओझं कळतच नाही. तसा सेंट्रिफ्यूज आयआयटी मुंबईत आहे.

आपल्याकडचा तळ तर अजून निराळा. गोव्यासमोर आतल्या पट्ट्यात चिखल, लांब बाहेर गेलं की जुनी रेती, आणि काही ठिकाणी त्या चिखलात गॅस अडकलेला, दोनापावलच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ह्यावर बरंच काम केलंय. काउडनच्या मातीचे आकडे ह्या चिखलाला लावले तर देवच वाचवो.

गोव्यात होणार का मग?

लगेच नाही. सरकारने समुद्री वाऱ्यासाठी पट्टे निवडले ते गुजरात आणि तमिळनाडूसमोरचे, २०२४ साली ७४५३ कोटींची योजना मंजूर केली ती पण त्या दोघांसाठीच, प्रत्येकी ५०० मेगावॅट. आपला वारा तेवढा जोरदार नाही आणि जो आहे तो बराचसा पावसाळ्यात.

पण मोजायला आपला समुद्र भारी आहे. एनआयओने बोया टाकून लाटा मोजल्या त्यात दिसतं की जून-जुलैत ३-४ मीटरच्या लाटा आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदम शांत. पण त्या शांततेत सुद्धा एकाच वेळी खाली दक्षिण महासागरातून आलेली लांब लाट असते आणि दुपारच्या वाऱ्याने उठलेली आखूड लाट असते. हिवाळ्यात तर अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांची लाट वायव्येकडून इथपर्यंत पोचते. वारा एकीकडून, लाट दुसरीकडून. टर्बाईनला हे आवडत नाही, कारण वाऱ्याच्या दिशेला पाती हेलकावे शमवतात, आडवी लाट आली तर शमवायला कोणी नाही. नॉर्थ सीवर बेतलेलं एका शिखराचं स्पेक्ट्रम इथे डोळे मिटून घालणारी पोरं मी बघितलीत. मी पण त्यातलाच होतो, पहिली दोन वर्षं.

तौक्तेसारखं वादळ आलं तर?

मे २०२१मध्ये तौक्ते नुसतं बाजूने गेलं तर आपल्याकडे झाडं पडली, लाईट गेली. टर्बाईनचं दुखणं तिथेच आहे. नेहमीच्या सगळ्यात दणकट वर्गाचं टर्बाईन सेकंदाला ५० मीटरच्या वाऱ्याला धरून बनवतात, हा दहा मिनिटांचा सरासरी वेग हं, झटका ७० मीटरपर्यंत. वादळी प्रदेशांसाठी २०१९च्या नियमांत ५७ मीटरचा वेगळा वर्ग आला. वादळात पाती धारेवर वळवून बंद ठेवतात, पण वाऱ्याची दिशा फिरते तसं डोकं फिरवायला वीज लागते आणि वीज तर गेलेली. म्हणून "लाईट गेली, वारा बाजूने आला" हा रन आम्ही वेगळा चालवतो. त्यात येणारे आकडे बघून चहा गार होतो.

पातं कसं टेस्ट करतात?

मूळ भिंतीत घट्ट बसवून आधी दोऱ्यांनी ओढतात, मग त्याच्या स्वतःच्या हेलकाव्याच्या लयीत वजन हलवून लाखो वेळा वर-खाली, मग आडवं. महिनोन्महिने चालतं. इंग्लंडमध्ये ब्लाइथला आणि अमेरिकेत बॉस्टनला १०७ मीटरची पाती अशी झुलवलीत. फातोर्ड्याला मॅच बघायला गेला असाल तर अख्ख्या मैदानाची लांबी डोळ्यांसमोर आणा.

पण टेस्ट होते एक-दोन पात्यांची, आणि बसतात शेकडो. जुलै २०२४मध्ये मॅसॅच्युसेट्ससमोर समुद्रात असंच एक पातं मोडून तुकडे किनाऱ्याला लागले, कारण निघालं चिकटवण्यातलं, कारखान्यातलं. डिझाईन पास झालं म्हणून कारखान्यातून येणारं प्रत्येक पातं पास झालं असं नाही.

भारतात टेस्टिंग कुठे होतं?

वाऱ्याचं मुख्य काम चेन्नईच्या एनआयडब्ल्यूईकडे (राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था), त्यांनीच २०१७ साली खंभातच्या आखातात लायडार, म्हणजे लेझरने वारा मोजायचं यंत्र, बसवून समुद्रावरचा वारा मोजायला घेतला. लाटांच्या टाक्या आयआयटी मद्रासला आहेत, पुण्यात खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, ते तर १९१६ सालचं.

मासळीचं काय होणार?

बेतूलचा रापणकार, म्हणजे रापणीच्या जाळ्याने मासे धरणारा, हेच पहिलं विचारणार आणि बरोबरच आहे. सगळ्यात वाईट म्हणजे खांब ठोकतानाचा आवाज. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे, त्यासाठी खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात. आवाज कुठवर पोचेल ह्याचं पण मॉडेलिंग होतं. आपल्याकडची मासेमारीबंदी जून-जुलैची, आणि नेमकं तेव्हाच समुद्रात काम करता येत नाही, त्यामुळे ठोकाठोकी कधी करायची हा वेगळाच पेच.

मला घरी शिकायचंय, जमेल?

जमेल. ओपनफास्ट हे टर्बाईनच्या मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सोर्स कोड सकट, साध्या लॅपटॉपवर चालतं. ५ मेगावॅटच्या टर्बाईनच्या तयार फाईल्स मिळतात, आधी जमिनीवरचं चालवा, मग मोनोपाईल, मग तरंगतं. पायथन येत असेल तर ग्राफ काढायला सोपं पडेल. पहिल्याच दिवशी १५ मेगावॅटच्या तरंगत्याला हात घालू नका, एका पोराने घातला आणि मला रात्री ११ वाजता फोन केला की टॉवर आकाशात उडतोय. प्लॅटफॉर्मचं वजन किलोऐवजी टनात लिहिलं होतं.

आणि एरर आली तर आधी इनपुट फाईलमध्ये चुकून एखादी जादा ओळ पडलीय का ते बघा, दहातल्या सात वेळा तेच असतं.